माड कोणाचा, कुत्रा कोणाचा

आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, मालकीचा नियम अगदी सोपा आहे. नारळ पाडायचे असतील तर माड शेजारच्या दादांचा. तोच माड वाकला आणि कुणाच्या तरी डोक्यात पडणार असं दिसू लागलं, की तो त्यांच्या भाऊबंदांचा. कुत्र्याचं त्याहून सोपं. रात्री चोराची चाहूल लागली तर कुत्रा वाड्याचा, दिवसा कुणाला चावला तर देवाचा.

गोव्यात फोंड्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर. पाहुण्यांना इथे स्वर्ग दिसतो. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू, विहिरीला बारमाही पाणी, समोर कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. दोन दिवस राहून तिसऱ्या दिवशी गाडी पकडणाऱ्याला स्वर्ग दिसायला हरकत नाही. आम्हाला इथे कायमचं राहायचं असल्यामुळे आधी कुत्रा दिसतो, मग मान वर केली की माड.

कुत्रा काळा. वरच्या घरात त्याला टायगर म्हणतात, आमच्या समोरच्या मावशी राजू म्हणतात, आणि गाड्यावर चहा विकणारा त्याला नुसतं ‘काळ्या’ म्हणून पाव टाकतो. सकाळी तो पोदेराच्या सायकलीबरोबर अख्खा वाडा फिरतो आणि फेरी संपली की एक उंडा पाव वसूल करतो. एकदा गाडीतून माणसं जाळी घेऊन आली आणि त्याला उचलून घेऊन गेली. वाड्यावर दोन दिवस शांतता. मग तीच गाडी परत आली. नसबंदी करून, लस टोचून, जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं, हा नियमच आहे. कानाला खुणेची चीर घेऊन टायगर गाडीतून निवडून आल्यासारखा उतरला, चारी बाजूंना बघितलं आणि पहिल्याच खांबावर आपलं कामकाज सुरू केलं.

त्याचं एकच वावडं आहे, अर्धी चड्डी. लुंगीला तो काही करत नाही, पॅन्टला करत नाही. पुण्याहून आलेले माझे मेहुणे सकाळी अर्ध्या चड्डीत फिरायला निघाले, तेव्हा मी आंघोळीला होतो, नाहीतर सांगितलं असतं. पोटरीवर दोन दात उमटले. बायकोने भावाला नळाखाली बसवून पाव तास साबणाने पोटरी धुवून काढली. ते योग्यच आहे, डॉक्टरही तेच सांगतात. पण धुताना ती भावाऐवजी माझ्याकडे बघत होती.

दवाखान्यात नर्सबाईंनी रजिस्टर उघडून विचारलं, “कुत्रो घरचो काय रस्त्यावयलो?”

“तसा घरचा,” मी म्हटलं.

“कोणाच्या घरचो?”

इथे माझी गाडी अडली. नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं, इंजेक्शनं तर घ्यायचीच, पण कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. तो धडधाकट राहिला तर काळजी नाही. मेला किंवा दिसेनासा झाला तर लगेच येऊन सांगा.

बारा महिने चोवीस तास पायात पायात येणारा तो कुत्रा त्या संध्याकाळपासून दिसेनासा झाला.

मी वरच्या घरी गेलो. “टायगर? कसला टायगर? आमचं कुत्रं मागेच वारलं.” समोरच्या मावशींनी तर हद्द केली. “राजू कधी चावायचा नाही हो. टायगर चावला असेल.” चहावाल्याने ‘काळे कुत्रे गोव्यात पायलीला पन्नास’ असं सांगून हात झटकले. इकडे पुण्याहून दर संध्याकाळी फोन. ‘दिसला का?’ मेहुण्यांचा आवाज दर दिवशी थोडा थोडा खोल जात होता. बायको जेवायला वाढत होती, पण मुकाट.

शेवटी तो सापडला शेजारच्या गावच्या जत्रेत. महाप्रसादाच्या पत्रावळी टाकतात तिथे, अंगाने चांगलाच भरलेला. मी त्याचा फोटो काढून पाठवला. ‘हा तोच कशावरून?’ असं उत्तर आलं, म्हणून कानाच्या चिरेचा जवळून दुसरा फोटो काढावा लागला. तो काढताना टायगरने मला हुंगलं आणि सोडून दिलं. मी लुंगीत होतो. पुढे 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं, ती बातमी मी मेहुण्यांना तातडीने पाठवली. त्यांनी फक्त अंगठा पाठवला. त्यानंतर गोव्यात ते आले ते फुल पॅन्टीत.

आता माड.

दादांच्या बाजूला आमच्या कुंपणाला लागून दोन माड आहेत. होते. त्यातला एक माझ्या लहानपणी सरळ उभा होता. मग तो हळूहळू आमच्या स्वयंपाकघराकडे कलू लागला. माडाला सोटमूळ नसतं, बुंध्याभोवती नुसत्या तंतुमुळांचा झुबका असतो. पलीकडे कुणीतरी गटार खणताना त्यातला अर्धा झुबका तोडला होता. मी विषय काढला की दादा अंगणातूनच वर बघत म्हणायचे, “माड आमचोच रे बाबा, पूण आमचो न्हय.”

ह्यात काही गूढ नाही. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा, उतारा काढला की सगळं कळतं. त्या जमिनीवर इतकी नावं आहेत की कागदाच्या पाठीमागेही मजकूर गेलाय. त्यातले निम्मे स्वर्गवासी, उरलेले मुंबईवासी, आणि एक दुबईला. दादा इथे राहतात, पाडेल्याला बोलावतात, नारळ मोजून घेतात. तोडायची वेळ आली की मात्र सगळ्यांच्या सह्या पाहिजेत.

शिवाय सरकारचाही माडाबद्दल निर्णय होत नव्हता. 2016 मध्ये वृक्षसंरक्षण कायदा दुरुस्त करून माडाला झाडांच्या यादीतून काढलं. त्याला फांद्या नसतात, म्हणून तो झाडच नव्हे, असा युक्तिवाद. मी उतारा आणि वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन धावतच दादांकडे गेलो. ते म्हणाले, “कायदा नवा आहे, जरा मुरू दे.” मुरेपर्यंत नवं सरकार आलं, आणि 2017 मध्ये माड नुसता झाड नव्हे तर राज्यवृक्ष झाला. माझ्या स्वयंपाकघराच्या कौलांवर आता साक्षात राज्यवृक्ष ओणवा उभा होता. दादांनी त्या दिवशी त्याच्याकडे थोड्या आदराने बघितल्याचं मला आठवतं.

मी पंचायतीला अर्ज दिला. आमच्याकडे भांडण कोकणीत, अर्ज मराठीत आणि उत्तर इंग्रजीत, अशी वाटणी फार जुनी आहे. तिला अनुसरून इंग्रजीत उत्तर आलं, की विषय आमच्या कक्षेत येत नाही. तिथल्या एका जाणत्या कारकुनाने मात्र मला बाजूला घेऊन कानात सांगितलं, “एकशे तेहतीस लावा.”

फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133 कलम मी घरी येऊन वाचून काढलं, आणि मला भरून आलं. पडायला आलेलं झाड काढायला लावण्याचा अधिकार त्यात आहे. आणि त्याच कलमात, दोन ओळी खाली, धोकादायक जनावराचा बंदोबस्त करायचाही. माड आणि टायगर एकाच कलमात! कायदा करणारा बहुतेक आमच्या वाड्यावर भाड्याने राहून गेला असावा. (संहिता आता बदलली. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम 152 वर गेलंय. गरजूंनी टिपून ठेवावं.) उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला. तिथे विचारणा झाली, नोटीस कोणाकोणाला काढायची? सर्व मालकांचे पत्ते जोडा. स्वर्गवासींच्या पत्त्यापाशी माझा अर्ज थांबला.

मग 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं.

कर्फ्यूचे दिवस, रविवारची सकाळ, 16 तारीख. रात्रभर वारा घोंघावत होता. वीज आधीच गेलेली. बायको चुलीपुढे सुक्या बांगड्याचं काहीतरी करत होती, ती चहाची साखर आणायला खोलीत आली आणि मागे आवाज झाला. माड धाडकन पडत नाही. आधी मुळांचा एक लांब कुरकुराट ऐकू आला, मग चुडतांची सळसळ, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग कौलं. कौलं फुटत असताना मोजायला गेलो तर मोजता येईना. धूळ खाली बसल्यावर दिसलं ते असं: दोन वासे मोडलेले, रीपा लोंबकळतायत, चुलीवर आणि टोपात आजोबांच्या काळापासूनची काजळी, वरून सरळ पावसाची धार, आणि फरशीवरून एक नारळ अगदी सावकाश घरंगळत येऊन फ्रिजला टेकला. बायको दारातच थांबली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग फ्रिजकडे, आणि म्हणाली, “चपला घाला. कौलांच्या धारा आहेत.” मी माडावर भाषण करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

पहिले आले दादा. डोक्यावर छत्री, तीही उलटी झालेली. “कुणाला लागलं नाही ना?” त्यांनी विचारलं, आणि ते मनापासून होतं, मी शपथेवर सांगतो. उत्तर मिळाल्यावर त्यांची नजर आपोआप शेंड्याकडे गेली आणि ओठ हलायला लागले. नारळ मोजत होते.

अग्निशामक दलाला फोन लागेना. लागणार कसा? राज्यभर त्या दिवशी शेकड्यांनी झाडं पडलेली. वाड्यावरचीच पोरं कटर घेऊन आली, कुणाकडून तरी ताडपत्री आली, समोरच्या मावशींनी पेज पाठवली. दुपारपर्यंत राज्यवृक्षाचे ओंडके झाले. शेंड्यातला कोवळा गाभा पोरांनी तिथेच कापून वाटून खाल्ला. दादा थोडे नाराज झाले, पण त्यांनीही एक तुकडा घेतला. टायगर सकाळपासून आमच्या पडवीत होता, वाऱ्याला भिऊन माझ्या खुर्चीखाली शिरलेला. कुणी विचारलं, “कुत्रा तुमचा का?” मी म्हटलं, “राजू आहे तो. समोरच्या मावशींचा.”

वीज काही केल्या येईना. लायनमन दिसला की वाडाभर चहाची आधणं चढायची, पण बिचारा एक माणूस किती खांबांवर चढणार? फ्रीजरमधल्या सुंगटांनी (कोळंब्यांनी) पहिल्या रात्री धीर धरला, दुसऱ्या रात्री सोडला. त्या वासावर टायगरचा मुक्काम आमच्याकडे वाढला.

नुकसानभरपाईसाठी पंचनामा करायला तलाठी आले. भला माणूस, डोक्याला रुमाल बांधून, चिखल तुडवत. “माड कोणाचा?” त्यांनी विचारलं. मी उताऱ्याची झेरॉक्स पुढे केली. त्यांनी ती उलटली, पालटली, आणि ‘अनेक’ असं लिहिलं. मग विचारलं, “आणि घर?”

“माझं.”

“घरपट्टी कोणाच्या नावावर?”

घरपट्टी आजोबांच्या नावावर. आजोबा 1974 मध्ये गेले. तलाठ्यांनी माझ्याकडे बघितलं, दादांनी माझ्याकडे बघितलं, आणि दादांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पंचनाम्यात यायला हवं होतं. तलाठ्यांनी पुन्हा ‘अनेक’ लिहिलं.

सुतार म्हणाला, पावसात कौलं उतरवायची नसतात, चवथ (गणेशचतुर्थी) झाली की बघूया. त्यामुळे अख्खा पावसाळा आम्ही निळ्या ताडपत्रीखाली काढला. जेवताना भाजीचा रंग कळायचा नाही.

चवथीला दादांच्या मूळ घरी सगळे भाऊबंद जमतात. त्या वर्षी मुंबईचे बरेचसे आले, दुबईचा व्हिडिओ कॉलवर होता. मीही दर्शनाला गेलो. गणपतीच्या वर फळं बांधायच्या माटोळीला आंबाडे, कवंडाळं, सुपारीचे कात्रे आणि मधोमध नारळांची एक भरघोस पेंड लटकत होती. आरती झाल्यावर मी हात जोडून विषय काढला. पहिला माड पडला ते पडला, पण दुसराही आता आमच्याच दिशेने कलतोय. सगळे एकदम हळहळले. ताबडतोब तोडला पाहिजे, ह्यावर एकमत झालं. त्या घरात गेल्या तीन पिढ्यांत झालेलं हे पहिलंच एकमत, असं मला मागाहून कळलं. सह्यांचा कागद मी खिशातून काढलासुद्धा. मग कुणीतरी तोडण्याचा खर्च किती, हे विचारलं. मी आकडा सांगितला. सगळे मोदकांकडे वळले. मोबाईल पाटावर गणपतीशेजारी टेकवून ठेवला होता, त्यातला दुबईकर बराच वेळ हललाच नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. पण तो विचार करत होता.

“दादा,” तो म्हणाला, “पडलेल्या माडाचे नारळ किती निघाले होते?”