7100 वेळा वापरायची पिशवी

सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा फिरला. "डेन्मार्क सरकारचा अभ्यास सांगतो, कापडी पिशवी 7100 वेळा वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी. प्लास्टिक रिसायकल होतं. कागदासाठी तर झाडं कापतात. मग बंदी कशाला?" सोबत वितळणाऱ्या हिमनगाचं चित्र. पाठवणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका, म्हणून तिथे वाद न घालता इथे लिहिते.

7100 हा आकडा खरा आहे, पण अर्धाच उचललाय. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या 2018 च्या अहवालात पिशव्या अनेक निकषांवर तोलल्या होत्या. नव्या सुती पिशवीची सर्वांत वाईट कामगिरी ओझोनच्या थराच्या बाबतीत, तिथला हा आकडा. हिमनगाशी त्याचा संबंध नाही. हवामानबदलापुरतं पाहिलं तर तोच अहवाल 52 म्हणतो. आठवड्यातून दोनदा भाजीला गेलं की सहा महिन्यांत वसूल.

तेही नव्या कापडाचं. माझी पिशवी बाबांच्या टेरिकॉटच्या जुन्या पँटची. जून 2018 मध्ये राज्यात बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, पहिल्याच वेळी 5000 रुपये दंड म्हटल्यावर आईने ती शिवली. मागचा खिसा तसाच ठेवला, त्यात सुट्टे पैसे राहतात. त्या कापडाचा हिशेब बाबांनी ऑफिसच्या लोकलला लटकून कधीच चुकता केलाय. पिशवीच्या नावावर फक्त दोरा.

पण खरी मेख पुढे आहे. डेन्मार्कमध्ये पिशव्या उघड्यावर पडण्याचं प्रमाण नगण्य, असं त्या अहवालाने गृहीत धरलंय. तिथे पिशवी शेवटी भट्टीत जाते, तिच्यातून वीज आणि ऊब मिळते. आमच्या इमारतीमागे नाला आहे. मे महिन्यात गाळ काढून काठावर ढीग लावतात, तो चार दिवस वाळतो आणि त्यातून पिशव्यांच्या चिंध्या फडफडत राहतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. शहर काही निव्वळ पिशव्यांमुळे बुडालं नाही. समुद्राला भरती होती, मिठीचं पात्र आवळलेलं होतं. तरी तुंबलेल्या गटारांत पिशव्या होत्याच, आणि त्यानंतरच राज्याने 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. ती कार्बनचा ताळेबंद मांडून आणलेली नव्हती, पाणी तुंबलं म्हणून आणली होती. नाल्याच्या प्रश्नाला कार्बनचं उत्तर देऊन काय उपयोग?

रिसायकलचं म्हणाल तर धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक रंगानुसार, जातीनुसार निवडून दळलं जातं, हे खरं. पण भंगारवाला पैसे वजनावर देतो. बाटल्या घेतो, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्याही घेतो. कोथिंबिरीचा चिखल लागलेली पातळ पिशवी किलोभर व्हायला किती गोळा कराव्या लागतील! कचरा वेचणाऱ्या बायकाही ती ओलांडून पुढे जातात.

कागदाबद्दल त्याच अहवालात लिहिलंय की ब्लीच न केलेली पिशवी हवामानाच्या निकषावर एकदाच वापरली तरी चालते. बाकीच्या निकषांवर ती मागे पडते, आणि आपल्या पावसात तर मासळीसकट फाटते. काकांनी हे लिहिलं असतं तर मी मान्य केलं असतं.

एक मुद्दा मात्र त्यांना द्यायलाच हवा. लग्नात, प्रदर्शनात, दुकानाच्या उद्घाटनाला फुकट वाटतात त्या नव्याकोऱ्या कापडी पिशव्या. आमच्या दारामागे अकरा निघाल्या, वापरात दोनच. उरलेल्या नऊ 52 पर्यंत कधी पोहोचणार? त्यातल्या पाच मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना दिल्या. पिशवी विसरून आलेल्या गिऱ्हाइकाला त्या दहा रुपये ठेवून घेऊन देतात. आतापर्यंत तीन परत आल्या.