साहेब आता पंक्चर काढणार?

दादा 58 पूर्ण करून जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाला आणि आठवड्याभरात त्याने घरच्या ग्रुपवर जाहीर केलं, की तो सायकल दुरुस्तीचं दुकान काढतोय. लहानपणापासून चेन आणि ग्रीसमध्ये हात काळे करणारा माणूस. मला वाटलं, कौतुक होईल. पहिलं उत्तर चुलतभावाचं आलं : "साहेब आता पंक्चर काढणार?" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मग सल्ले सुरू झाले. पेन्शन आहे, मुलगा कमावता आहे, या वयात कशाला नसता व्याप? मी हे सकाळी बसमध्ये वाचलं आणि रागाच्या भरात दोन थांबे पुढे गेले.

मग मी भलंमोठं उत्तर ठोकलं. इथे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आमच्या रस्त्यावर बँकेतून बाहेर पडलेला एक गृहस्थ लोकांची कुत्री फिरवतो, एक निवृत्त मुख्याध्यापिका बागा करून देते, आणि दोघंही व्हॅनवर स्वतःचं नाव रंगवून उजळ माथ्याने हिंडतात. 5 ऑक्टोबरच्या आत कर खात्याकडे नोंद करायची, 31 जानेवारीपर्यंत हिशेब भरायचा, वर्षाची मिळकत हजार पौंडांच्या आत असेल तर बहुतेकांना तेवढंही नको. वर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला दिला : मुंबईची मास्तरकी सोडलेला माणूस, 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना हलवला तेव्हा चाळिशीत होता. आणि सायकलीच म्हणाल, तर बेळगावात त्यांनी धंद्याची सुरुवात सायकलींनीच केली होती! भाच्याने शांतपणे लिहिलं, "मावशी, सायकलींच्या वेळी ते विशीत नव्हते का?" होते. मी अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा आकडा पुढे केला : नोकरवर्ग ठेवणाऱ्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय 42, सर्वांत झपाट्याने वाढलेल्यांचं 45. तो म्हणाला, "मामा 58 चा आहे." हल्लीच्या पोरांना वाचता येतं ही एक पंचाईतच आहे.

शेवटी मी गावातलं हुकमी पान टाकलं. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालतं व्हायला सांगितलं. लेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की आमच्याकडे येऊ नका. तरी हजारो आले. जिथे दुकानं, गिरण्या होत्या तिथे सगळं सोडून आलेली, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसं आधी होजियरीच्या कारखान्यांत राबली, आणि त्यांतल्या कित्येकांनी पुन्हा दुकानाची फळी उघडली. त्यांना कोणी विचारलं का, या वयात कशाला?

पाठवून दिलं आणि मग खटकलं. त्यांना विचारणार कोण? विचारणारे सगळे मागे राहिले होते, किंवा त्याच विमानातून आले होते.

जे मी लिहिलं नाही ते असं. मी चौपन्नाव्या वर्षी नोकरी सोडली नाही, गेली. कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. वयाच्या 41 नंतरच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला दीड आठवड्याचा पगार या हिशेबाने हातात पैसे आले, त्यांतून मी एक ओव्हरलॉक मशीन घेतलं आणि पुढच्या खोलीत बसले. पॅन्ट्स आखूड करते, चेन बदलते, पडद्यांना तुरपाई घालते. तीन वर्षं झाली, बरं चाललंय. घरी मात्र मी "फॅशन डिझाईनचं काम" असं सांगितलंय. आईला तर अजून वाटतं, मी ऑफिसात जाते.

म्हणजे "लोक काय म्हणतील" यावर मी ज्यांना व्याख्यान दिलं, त्यांच्यापासूनच मी पिको-फॉल लपवत होते.

तिकडे कागदपत्रांची अडचण म्हणावी, तर तीही फारशी नाही. छोट्या धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी 2020 पासून ऑनलाइन आहे, फुकट आहे, आधार क्रमांकावर होते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या कर्जाला वयाची वरची मर्यादाच नाही. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला सरकारदरबारी स्टार्टअप म्हणून मान्यता मिळत नाही हे खरं, पण दादाला कुठे युनिकॉर्न, म्हणजे अब्ज डॉलरची कंपनी, व्हायचंय! त्याची अडचण एवढीच, की ज्या नाक्यावर तो पाना घेऊन बसणार, तिथून काल त्याच्या टेबलाशी फाईल घेऊन उभे राहिलेले ठेकेदार जाणार. माझ्या दारात गुडघ्याला फाटलेली जीन्स घेऊन येणाऱ्या बाईला मी पूर्वी कोण होते हे ठाऊक नाही, तिला त्याचं देणंघेणंही नाही. याला मी इतकी वर्षं इथल्या समाजाचा मोठेपणा समजत आले. त्यात थोडा मोठेपणा असेलही. पण मला इथे कोणी ओळखत नाही, यालाच मी गोंडस नाव दिलं होतं. हेच मशीन माहेरच्या वाड्यात मांडून बसायची हिंमत मला झाली असती? नसती.

आणखी एक. आजारी पडले तर मी जीपीकडे, म्हणजे सरकारी सेवेतल्या डॉक्टरकडे, जाते, बिल येत नाही. साठीकडे झुकताना मेडिक्लेमचा हप्ता कसा फुगतो ते मला माहीत आहे, आईबाबांचा मीच भरत होते. तेही उत्तरात घातलं नाही, कारण त्याने माझा मुद्दा लंगडा पडला असता.

परवा दादाचा वेगळा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. "तू एवढं भांडलीस माझ्यासाठी. तू स्वतः नक्की काय करतेस गं?" मी "डिझाईन" टाइप केलं, पुसलं. मग टेबलावरच्या पॅन्ट्सच्या ढिगाचा फोटो काढून पाठवला, मशीनसकट.

निळ्या खुणा लगेच आल्या. बराच वेळ काहीच नाही. मग त्याने विचारलं, "मशीनला तेल कुठलं घालतेस?"