'जाहिरात' या शब्दाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

निसर्गातल्या चार ज्ञात बलांपलीकडचं पाचवं बल अणूंच्या लेझर-मोजमापातून शोधण्याबद्दल मी लेख लिहिला, त्यावर तुमची प्रतिक्रिया तीन वाक्यांची. टेबलावरच्या लेझरने पाचवं बल सापडत असतं तर सर्न ही कणांच्या टकरी घडवणारी महाकाय प्रयोगशाळा कशाला बांधली असती. यटर्बियम या धातूच्या मोजमापात सरळ यायला हवी ती रेष वाकली, तो बाक अणुकेंद्रकामुळे आहे, हे मी दडवलं. आणि म्हणून माझा लेख म्हणजे 'विज्ञानाची जाहिरात'. मतभेद असू द्या, पण 'दडवलं' आणि 'जाहिरात' हे थेट माझ्या प्रामाणिकपणावरचे आरोप आहेत, तेही टोपणनावाने केलेले.

केंद्रकाचा मुद्दा लेखात आहे. तो आणखी वर यायला हवा होता, एवढं मान्य. तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नाहीत असं दिसतं, म्हणून पुन्हा सांगतो. एकाच मूलद्रव्याच्या समस्थानिकांमध्ये, म्हणजे न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेल्या अणूंमध्ये, वर्णरेषांच्या (अणू शोषतो किंवा सोडतो त्या ठरावीक प्रकाशाच्या) वारंवारता किंचित सरकतात. दोन रेषांचं हे सरकणं वस्तुमानाचा हिशेब घालून एकमेकांविरुद्ध मांडलं, तर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. किंगने १९६३ मध्ये सुचवलेली ही मांडणी. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन यांच्यात एखादं अनोळखी बल असेल, तर ही रेष वाकेल. केंद्रकाचा बदलता आकारही ती वाकवतो, आणि सगळी मेहनत हे दोन परिणाम वेगळे करण्यातच आहे. २०२० मध्ये एमआयटीच्या गटाला यटर्बियममध्ये ३ सिग्माचा (निव्वळ योगायोगाने क्वचितच दिसेल, पण शोध म्हणण्याइतका पक्का नाही असा) बाक दिसला, तर त्याच सुमारास डेन्मार्कच्या आरहूसमधल्या गटाला कॅल्शियमची रेष सरळ मिळाली. २०२५ मध्ये ब्राउनश्वाइग, झुरिक आणि हायडेलबर्गच्या लोकांनी कॅल्शियमच्या वारंवारतांमधले फरक एक हर्ट्झपेक्षाही बारीक अचूकतेने मोजले, तेव्हा तीही रेष वाकलेली निघाली. त्यातला काही भाग वस्तुमानाच्या दुसऱ्या पायरीच्या परिणामाचा, म्हणजे नेहमीच्या हिशेबात सोडून दिलेल्या बारीक दुरुस्तीचा. उरलेल्याबद्दल मुख्य संशय केंद्रकाच्या ध्रुवीभवनावर, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ओढीने केंद्रकातला विद्युतभार किंचित सरकण्यावर. बल सापडलं नाही, पण ते किती दुबळं असायला हवं याची मर्यादा आवळली गेली. यात दडवण्यासारखं काय आहे?

मी स्वतः ऐन उमेदीची वर्षं लेझर स्पेक्ट्रोस्कोपीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. मोजलेला फरक खरा की चुंबकीय क्षेत्राची लबाडी, हे ठरवण्यात रात्री जातात. ते केलेल्या माणसाला जाहिरात म्हणजे काय हे शिकवू नका.

सर्नबद्दल लांबण लावत नाही. तिथे जड कण शोधले जातात, इथे अशा बलाचे वाहक असू शकणारे हलके कण. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर कॅल्शियमच्या उरलेल्या बाकाला केंद्रकाचं ध्रुवीभवन पुरेसं पडतं का, यावर लिहा. त्यावर मी जरूर उत्तर देईन. शेऱ्यांवर हे शेवटचं.