सीव्हीतली रिकामी वर्षं ‘भरून काढा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय : मुलांसाठी नोकरी सोडून वर्षं लोटली असतील तर जुन्या नोकरीची शेवटची तारीख खुशाल पुढे ओढा, कोण बघतंय!

बघतात. पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओकडे (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे) रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख नोंदलेली असते. ऑफरनंतर पडताळणी करणारे अनेकदा यूएएनची, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाची, सर्व्हिस हिस्टरीच (नोकऱ्यांची नोंद) मागतात. तिथे ‘मे 2016’ आणि सीव्हीत ‘2023’ निघालं, की हातातली ऑफर जाऊ शकते. खंड पडला म्हणून नव्हे, खोटं लिहिलं म्हणून.

त्यापेक्षा सरळ एक ओळ लिहा : ‘2016–2024 : कौटुंबिक कारणासाठी विराम; या काळात सोसायटीचे हिशेब टॅलीवर सांभाळले.’ (‘गृहव्यवस्थापन तज्ज्ञ’ वगैरे मात्र नको, वाचणारा हसतो.) लिंक्डइनवर 2022 पासून करिअर ब्रेकची वेगळी नोंदच करता येते. टाटा समूहाने तर 2008 मध्येच अशा स्त्रियांसाठी खास उपक्रम सुरू केला होता.

आणि हो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, तळाशी ‘वरील माहिती सत्य आहे’ असला जुन्या बायोडेटातला मजकूर खासगी नोकरीसाठी काढून टाका. टॅलीच्या ओळीला जागा होईल.