कफ सिरपच्या मृत्यूंचे खापर पालकांवर फोडणाऱ्या संदेशाला उत्तर

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘कोल्ड्रिफ’ नावाचे खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. यांपैकी अनेक मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते, त्यामुळे विदर्भातल्या घराघरांत ही बातमी पोहोचली आणि तिच्या मागोमाग एक संदेशही पोहोचला. तीन वर्षांच्या मुलाची आई असलेल्या माझ्या भाचीला तो तिच्या सासरच्या गटावर आला आणि तिने तो ‘मावशी, यात खरे किती?’ असे विचारत मला पाठवला. संदेशाचे म्हणणे असे : मुले औषधाने नव्हे, तर पालकांनी जास्त मात्रा दिल्याने गेली, भारतीय औषधे जगभर जातात, म्हणजे ती शुद्धच असतात, सरकारी तपासणी वाढवली तर छोटे कारखाने बंद पडून औषधे महागतील, त्यापेक्षा नैसर्गिक काढे द्यावेत, त्यांना कसल्या तपासणीची गरज नसते.

यातला पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो लेकरू गमावलेल्या आईबापांनाच आरोपी ठरवतो. हे औषध जिथे बनले, त्या तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने त्याच्या एसआर-१३ या बॅचचा नमुना तपासला, तेव्हा त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. याचा हिशेब कोणीही करू शकतो : पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम विष. अशा बाटलीतून कोणती मात्रा ‘योग्य’ ठरली असती, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे. हे द्रव्य ब्रेक ऑइलसारख्या औद्योगिक उत्पादनांत वापरतात. ते रंगहीन आणि चवीला गोडसर असल्याने सिरपमध्ये मिसळलेले डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही कळत नाही. शरीरात त्याचे विघटन होऊन तयार होणारे आम्ल मूत्रपिंडावर घाला घालते. मुलाची लघवी बंद होते आणि तेव्हा कुठे घरच्यांना काही बिघडल्याचे समजते. चिठ्ठी घेऊन दुकानात गेलेल्या बापाकडे प्रयोगशाळा नसते. ती ज्यांच्याकडे असते, त्यांनीच ते पाहायचे असते.

मुंबईकरांना तर हे कोणी समजावून सांगण्याची गरज पडू नये. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले, कारण त्या ग्लिसरीनमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल होते. ते रुग्ण सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. तिथे कोणत्या आईने चमचा चुकवला होता? न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत सगळी साखळी तपासली, प्रशासनावर कठोर ताशेरे ओढले आणि तत्कालीन आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. दोष रुग्णांचा नव्हता, पहारा देणाऱ्यांचा होता, हे आपल्याच राज्यात एका न्यायमूर्तींनी पुराव्यांनिशी दाखवून दिलेले असताना पुन्हा पालकांकडे बोट दाखवणे हा निव्वळ निर्दयपणा आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. अगदी लहान मुलांना अशी औषधे सर्रास लिहून दिली जातात आणि ते चूक आहे. या औषधातील क्लोरफेनिरामाइन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच दिला होता. तो पाळला गेला असता तर काही मुले वाचली असती. परंतु आदेश पाळला जातो की नाही हे पाहणे, हेसुद्धा देखरेखीचेच काम आहे. म्हणजे ही कबुलीही संदेशाच्या विरोधातच जाते.

दुसऱ्या मुद्द्याला फार वेळ देण्याची गरज नाही. गांबियातील बालमृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय बनावटीच्या सिरपबाबत इशारा दिला आणि १ जून २०२३ पासून निर्यातीपूर्वी कफ सिरपची सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. छिंदवाड्यातील मुले दगावली तेव्हा देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीला अशी सक्ती नव्हती. परदेशी मुलासाठी तपासलेले औषध आणि आपल्या मुलासाठी न तपासलेले, असा हा भेद असताना निर्यातीचा अभिमान कशाच्या जोरावर मिरवायचा?

राहिला खर्चाचा प्रश्न. कच्च्या मालात हे विष आहे का, हे पाहण्यासाठी थिन लेयर क्रोमॅटोग्राफीसारखी साधी पद्धत उपलब्ध आहे. छोट्या कारखान्यांना सुधारणेसाठी सवलत व मुदत द्यावी, याबद्दल वाद नाही, आणि नव्या उत्पादन निकषांसाठी ती देण्यात आलीही होती. परंतु कोल्ड्रिफ बनवणाऱ्या कांचीपुरम जिल्ह्यातील कारखान्याकडे २०११ पासून परवाना होता आणि मृत्यूंनंतरच्या तपासणीत तिथे साडेतीनशेहून अधिक त्रुटी सापडल्या. इतक्या त्रुटी एका रात्रीत साचत नाहीत. औषध नियमनाचा आढावा घेणाऱ्या माशेलकर समितीने २००३ मध्येच दर ५० कारखान्यांमागे एक आणि दर २०० विक्री केंद्रांमागे एक औषध निरीक्षक असावा, असे सुचवले होते.

काढ्यांबद्दल एवढेच, की आयुर्वेदिक औषधांचे उत्पादनही इतर औषधांप्रमाणेच १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येते आणि एक वर्षाखालील बाळाला मधसुद्धा देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

भाचीला मी कळवले आहे, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोकल्याचे औषध देऊ नकोस, दिलेच तर बाटली व बिल जपून ठेव, आणि काही विपरीत वाटल्यास मुलाला लगेच रुग्णालयात ने व बॅच क्रमांकासह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार कर. सरकारकडे मागायचे ते वेगळे आहे : निर्यातीइतकीच सक्तीची तपासणी देशांतर्गत सिरपला लावावी, निरीक्षकांची रिक्त पदे भरावीत, प्रत्येक कारखान्याचा तपासणी अहवाल लोकांना वाचता येईल असा प्रसिद्ध करावा, आणि सदोष बॅच बाजारातून परत बोलावण्याच्या प्रक्रियेला मुदत व शिक्षेसह कायद्याचा भक्कम आधार द्यावा.