निपाणीच्या दादांच्या कमेंटला उत्तर: तिकडं ऊनच नाही, मग पालक फुलावर का गेला?

दादा, कॅनडातल्या परसात पालेभाजी लावायच्या माझ्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, पालक फुलावर जाऊ नये म्हणून वर शेडनेट (ऊन अडवायची जाळी) लावा. त्याखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. "बेळगावात बसून कॅनडावाल्यांना पालेभाजी शिकवालाय? तिकडचा उन्हाळा म्हणजे आपली दिवाळीतली हवा, त्यात पालक फुलावर जायला काय झालं, आणि वर शेडनेट लावा म्हणे!" आता पहिलं सांगतो, बेळगावात बसून नाही ओ, गेल्या साली मे ते सप्टेंबर लेकीकडं एडमंटनला होतो आणि तिच्या परसातल्या चार वाफ्यांत हात घालून सांगालोय.

शेडनेटचं तुमचं बरोबर. चुकलंच माझं. नेटनं वाफा जरा गार राहतो एवढंच, दिवस काय लहान होत नाही, आणि खरी भानगड दिवसाचीच आहे. आपल्याकडं जूनमधला सगळ्यात मोठा दिवस 13 तासांच्या आसपास, एडमंटनला तोच 17 तास! रात्री नऊला जेवून बाहेर आलो तरी ऊन, मला तर झोपच लागत नव्हती. पालकाला दिवस साधारण 14 तासांच्या वर गेला की वाटतं आता बी धरायची वेळ झाली, मग हवा कितीही गार असू दे. गरमीनं ते आणखी लवकर होतं, पण मूळ कारण उजेड. पानं आधी बाणासारखी टोकदार होतात, मग मधनं दांडा वर येतो (कांद्याला डेंगळे येतात ना, दिसायला तसंच), आणि चव कडवट. इकडं मिरगाचा पाऊस लागला असेल तेव्हा तिकडं आमचा अख्खा वाफा दांड्यावर.

आणि अजून एक गोष्ट, जी मला पण तिकडं गेल्यावरच कळली. आपण बाजारात पेंडी घेतो तो बहुतेक वेळा देशी पालक, तो बीटच्या घरातला. तिकडच्या पाकिटातला म्हणजे विलायती पालक, झाडच वेगळं. त्यामुळं "आमच्या शेतात असं कधी हुईना" हे तुमचं खरं असलं तरी तिकडं लागू नाही.

मग करायचं काय, तर तारीख बदलायची. बर्फ वितळून माती हाताला मोकळी लागली की एप्रिलअखेर पालक टाकायचा, पानं कोवळी असतानाच खुडून खायची, जून-जुलैत त्याचा नादच सोडायचा आणि ऑगस्टमध्ये परत पेरायचा, सप्टेंबरचं हलकं हिव त्याला सोसतं. मधल्या दोन महिन्यांत स्विस चार्ड. हे पण बीटच्याच घरातलं, सहसा पहिल्या वर्षी फुलावर जात नाही, बाहेरची पानं तोडत राहिलं की आतनं येत राहतात. डाळ-शेंगदाणे घालून पातळ भाजी केली तर जावयाला पालक नाही हे कळलंसुद्धा नाही. लाल माठ पण लावला, पण रात्री गार असल्यानं लई हळू वाढला, पोटभर काय झाला नाही.

मेथीचं विचारलाय तर ती दर पंधरा दिवसांनी मूठभर टाकायची, महिन्याच्या आत उपटायची, फुलायला वेळच द्यायचा नाही. मोहरीच्या पानांवर मात्र बारीक काळे उड्या मारणारे किडे बसतात, पानाची चाळण करतात, तिथं बारीक जाळी पेरल्या दिवसापासनं पाहिजेच.

शेडनेटवाला पॅरा आज रात्री बदलतो.