मळ्यातलं लग्न : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

मळ्यात लग्न करावं असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमच्या पुतण्याचं लग्न मे महिन्यात, मळ्यात, गोरज मुहूर्तावर. ऐन मंगलाष्टकांत वावटळ सुटली, मागोमाग वळीव कोसळला, पंगतीतली ताटं चिखलात गेली आणि तुमच्या आई पाऊण तास जीपमध्ये भिजल्या लुगड्यानं बसून राहिल्या. ‘असले लेख वाचून पोरं हट्ट धरतात, कार्यालयं काय ओस पडलीत?’ असं तुम्ही विचारलंत. तुमचा राग रास्त आहे, आणि त्यातला काही माझ्यावर यायलाच हवा.

मी लिहिलं होतं की मेमध्ये दिवसा ऊन असलं तरी संध्याकाळी छान वारं सुटतं, तेव्हा गोरज मुहूर्त धरावा. ते चुकलंच. सांगली-साताऱ्याकडे वळीव येतो तोच दुपार कलल्यावर. दिवसभर जमीन तापते, तीन-चारनंतर ढग चढतात, आधी वारं येतं, मग पाऊस. म्हणजे मेमधली गोरज ही नेमकी त्याची वेळ. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. मुलांच्या सुट्ट्या, पाहुण्यांची सोय, हे सगळं मला कळतं. तरी एप्रिल-मेमध्ये लग्न उघड्यावर नको, असंच मी आता सांगेन.

खर्चाचंही तुमचं बरोबर. कार्यालयात खुर्च्या, भांडी, दिवे, संडास-बाथरूम सगळं आयतं असतं; मळ्यात एकेक भाड्यानं आणावं लागतं. ‘स्वस्तात होतं’ हा शब्द मी मागे घेते.

पण ‘पूर्वी कार्यालयं नव्हती म्हणून अंगणात लग्नं व्हायची’ एवढ्यावर मला थांबता येत नाही. नव्हती, खरंय. पण त्या माणसांना ऊन कळत होतं. मांडवडहाळे वाजतगाजत आणायचे ते काही नुसत्या रीतीसाठी नव्हे. आंब्या-जांभळाच्या डहाळ्यांचा थर वर पडला की ऊन अडायचं, वारं आरपार जायचं आणि खाली बसणाऱ्याला गारवा मिळायचा. आज डहाळे येतात, पूजा होते आणि ते एका खांबाला बांधून ठेवतात. डोक्यावर असतं रंगीत कापड. ते पाऊस अडवत नाही आणि ऊनही धड अडवत नाही.

ऊन आधी समजून घ्यावं लागतं, हे मला कळलं ते धाकट्या बहिणीच्या लग्नात. वाईजवळ आमच्या शेतात, डिसेंबरात, साडेबाराचा मुहूर्त. डिसेंबर म्हणजे ऊन कोवळं, अशा समजुतीत आम्ही सगळे. मांडववाल्यानं बारा फुटी खांब रोवले आणि फोटोत डोंगर यावा म्हणून दक्षिणेची बाजू मोकळी ठेवली. मीच ठेवायला सांगितली. त्या दिवसांत भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे बारा फुटांच्या छताखाली दहा-अकरा फूट ऊन आत शिरतं. तिथेच आम्ही मानाच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आत्या पदर डोक्यावर ओढून बसली होती, हातात अक्षता. भटजींची मंगलाष्टकं लांबली. नंतर तिचा हात धरून पंगतीला नेताना पाहिलं, तळवा लालभडक. घामानं अक्षतांचं कुंकू विरघळलं होतं. ती एका शब्दानं काही बोलली नाही, म्हणून ते मला अजून जास्त लागतं. त्या बाजूला एक कनात, म्हणजे कापडी आडोसा, लावली असती तर भागलं असतं.

म्हणून आता मला कुणी जागा दाखवली की मी सजावटीचं नंतर बोलते. आधी विचारते, पक्कं छप्पर किती लांब? शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, गोदाम, काहीही चालेल, पण म्हातारं माणूस पाच मिनिटांत चालत पोचलं पाहिजे आणि किल्ली आदल्या दिवशीच आपल्या हातात हवी. विजा कडाडू लागल्या की झाडाखाली किंवा लोखंडी पाइपच्या मांडवात एकालाही थांबू द्यायचं नाही, मग मुहूर्त असो की पंगत. आणि वारं वाढलं की आधी कनाती सोडवून काढायच्या, नाहीतर त्या शिडासारख्या फुगतात आणि खांब उपटतात. तुमच्याकडे बहुधा हेच झालं असावं. जवळ असं छप्पर नसेल तर त्या जागेला मीही तुमच्यासारखीच ‘नको’ म्हणेन.

रात्रीच्या वरातीचं थोडक्यात: लाउडस्पीकरला परवानगी घ्या आणि दहाला तो बंद करा, नियम तोच आहे.

शेवटी तुम्ही लिहिलंय की धाकटी लेक येत्या माघात मळ्यातल्या विहिरीजवळ लग्न करायचं म्हणतेय आणि तुम्ही नाही म्हणून बसलात. काका, माघ चांगला, वळिवाची धास्ती नाही. पण एवढ्यावर हो म्हणू नका. माघ लागला की मुहूर्ताच्या वेळेला तिथं खुर्ची टाकून तासभर स्वतः बसा, शक्य असेल तर आईंनाही घेऊन जा. तेव्हा बारा फुटी मांडवात भर दुपारी ऊन सात-आठ फूट आत येईल, दक्षिण कोणती ते बघून कनातीची जागा ठरवा. होमाच्या धुराचा रोख कुठे जातो तेही वाळलेलं गवत पेटवून बघता येईल, पाण्याची बादली जवळ ठेवून. आणि मला एक कळवा, त्या विहिरीला कठडा आहे का? नसेल तर लग्नात पोरं धावत असतात, ती बाजू सगळ्यात आधी पक्की बंद करून घ्या.